माहीत नसलेली कमान

जर्मनी संपून आपला डच मुलूख सुरू झाला हे कळायला हेर्मिनला पाटी वाचावी लागली नाही. रस्त्याकडेची सायकलवाट तांबडी झाली, कुंपणं फुटपट्टी लावून कापल्यासारखी दिसायला लागली आणि बेरेंटनं घरगाडीचा वेग आणखी कमी केला. तो आधीच इतका कमी होता की, मागून विजेच्या सायकलवर आलेल्या एका आजीबाईंनी त्यांना मागे टाकलं. पुढे जाताना आजीबाईंनी हात हलवला. बेरेंटनंही हलवला, आणि वर हसलासुद्धा. सहा आठवड्यांत त्यानं कुणाला एवढी आपुलकी दाखवली नव्हती.

सहा आठवडे दोघं घराबाहेर होती, त्यातले पाच क्रोएशियाच्या किनाऱ्यावर. जग बघायला गेली होती. जग बघायला जाताना घरच्या मळ्यातले तीस किलो बटाटे, शेंगदाण्याच्या लोण्याच्या आठ बरण्या, पावावर पेरायच्या चॉकलेटच्या कण्या आणि चाळीस दिवसांची कॉफी सोबत नेली होती. क्रोएशियात बटाटे मिळत नाहीत असं नाही. पण ते क्रोएशियन असतात. समुद्रकाठी गाडी लावल्यावर पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या गाडीतून डूटिंखेमचं एक जोडपं उतरलं. डूटिंखेम त्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर. चौघं मिळून पाच आठवडे घडीच्या खुर्च्यांवर बसली, डूटिंखेमच्या नव्या चौकातल्या सिग्नलबद्दल बोलली आणि समुद्राकडे पाठ करून पत्ते खेळली.

बोलली म्हणजे तिघं बोलली. बेरेंट पत्ते वाटायचा.

बेरेंट ओस्टेरिंक अडतीस वर्षं दुधाचा टँकर चालवत होता. पहाटे चारला निघायचं, गोठ्यागोठ्यावर नळी लावायची, दूध ओढायचं, पुढे जायचं. त्या कामात बोलावं लागत नाही, आणि बेरेंटला ते काम भलतंच मानवलं होतं. घरी आला की, तो परसात असायचा, नाहीतर कोठारात, नाहीतर बटाट्यात. घर मोठं असलं की, माणसाचं गप्प राहणं चार खोल्यांत पसरतं आणि अंगावर येत नाही. घरगाडीत सात चौरस मीटर जागा होती. तिथे हेर्मिनला पहिल्यांदा समजलं की, आपण चाळीस वर्षं एकटीच बडबडतोय.

म्हणून चार दिवसांपूर्वी ऑस्ट्रियात पाऊस कोसळत असताना, छतावर थेंब ताडताड वाजत असताना, तिनं सांगून टाकलं होतं. "बेरेंट, मला हे असं पुढे नको आहे. घरी गेलो की मी झुटफेनला राहायला जाणार. दोन खोल्या मिळाल्यात. नदीजवळ, दुसऱ्या मजल्यावर. एक तारखेपासून."

बेरेंटनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटतेय." आणि त्या मुसळधार पावसात उतरून हवा बघायला गेला. हवा बरोबर होती. तरी तो वीस मिनिटांनी परत आला, चिंब भिजून, आणि कॉफी करत बसला.

त्याला आता चार दिवस झाले. नवऱ्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता. घर पस्तीस किलोमीटरवर आलं होतं.

खरं सांगायचं तर हेर्मिनला काय हवं होतं? तिला त्यानं भांडायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, ताट आपटायला हवं होतं. घरगाडीतली ताटं प्लास्टिकची, आपटून काही बिघडलं नसतं. 'जाऊ नकोस' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते ऐकून आपण काय केलं असतं हे तिलाही सांगता आलं नसतं. पण घर येण्याआधी ते तिला ऐकायचं होतं, आणि त्यासाठी ती पस्तीस किलोमीटर डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघत होती. बेरेंट रस्त्याकडे बघत होता.

आणि वर ती कमान होतीच.

हेसेलहूक म्हणजे सहा घरांची वस्ती. तिथे शेजारधर्म असा काही कडक आहे की, त्यापुढे चर्चचे कायदे ढिले वाटावेत. जन्म, लग्न, मरण किंवा अडलेली गाय, शेजाऱ्याला बोलवावं लागत नाही, तो येऊन उभाच राहतो. त्यातही डाव्या हाताचं घर म्हणजे पहिला शेजारी. घरात काहीही घडलं तर ते आधी त्याला कळवायचं, सख्ख्या भावाच्याही आधी. बेरेंट-हेर्मिनचा पहिला शेजारी रेइंट लामर्स, आणि त्याची बायको डीनी.

तर लग्नाला चाळीस वर्षं झाली की शेजारी मिळून घराच्या दाराभोवती हिरव्या फांद्यांची कमान बांधतात. बायका आठवडाभर संध्याकाळी जमून लाल कागदाचे गुलाब करतात. सुरुवातीला कॉफी पिऊन, नंतर कॉफीपेक्षा कडक काहीतरी पिऊन. जोडप्याला यातलं काही कळता कामा नये. जोडप्याला अर्थातच सगळं कळलेलं असतं, कारण जन्मभर दुसऱ्यांच्या कमानी बांधण्यात त्यांचे हात गेलेले असतात. तरीही दारात पोचल्यावर दोन्ही गालांवर हात ठेवून "अगं बाई, हे काय!" म्हणायचं, ही रीत. पंचविसाव्या वर्षीच्या कमानीला हेर्मिननं ते इतकं झकास म्हटलं होतं की, डीनी अजून नाव काढायची.

आता प्रश्न असा होता की, जी कमान आपल्याला माहीतच नाही ती रद्द कशी करायची? 'रेइंट, कमान लावू नका' असं म्हणायला आधी 'कमान लागणार हे मला माहीत आहे' असं कबूल करावं लागणार. एवढा उद्धटपणा हेसेलहूकमध्ये कुणी केलेला नव्हता. एका घरी चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी नवरा हॉस्पिटलात गेला, तरी कमान लागली. तो परत आला नाही. फांद्या ताज्याच होत्या, त्यामुळे पुढच्या कामाला नव्या तोडाव्या लागल्या नाहीत, असं रेइंट अजून कौतुकानं सांगतो.

उद्या चाळीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे कमान आज लागणार, त्यांच्या येण्याच्या वेळेला. हे ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. एरवी धिरडं उलटलं तरी त्याचा फोटो पाठवणारी डीनी तीन आठवडे चिडीचूप होती.

"डीनीचा काही मेसेज?" हेर्मिननं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही."

"तीन आठवडे झाले."

"कामात असेल."

"कसल्या कामात?"

बेरेंटनं जरा विचार केला. "मका," तो म्हणाला.

लामर्सांनी शेत खंडानं देऊन अकरा वर्षं झाली होती. डीनीच्या घरात मका असलाच तर डब्यातला. पण हेर्मिननं मका सोडून दिला. परवा संध्याकाळी माइन नदीकाठच्या तळावर तिनं त्याला न्हाणीघराच्या मागे फोनवर बघितलं होतं. तो चक्क बोलत होता. एका हातात घरगाडीच्या संडासाची भरलेली टाकी, दुसऱ्या हातात फोन, आणि तोंड चालू. तिला बघून त्यानं फोन खिशात टाकला आणि टाकी घेऊन पुढे गेला. रेइंटशी वेळ ठरवत असणार. बायको चालली घर सोडून आणि हा कमानीची वेळ ठरवतोय!

आल्टेनच्या अलीकडे बेरेंटनं मोठा रस्ता सोडला आणि गाडी शेतातल्या वाटेला घातली.

"इकडून कशाला?"

"म्हटलं बघू, मका निघालाय का."

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच."

मका निघाला होता. निघालेला मका भरून एक ट्रॅक्टर पुढे चालला होता आणि बेरेंट मोठ्या समाधानानं त्याच्या मागे लागला. वाट एवढी अरुंद की, घरगाडीचे आरसे दोन्हीकडच्या झुडपांना घासत होते. मागे दोन मोटारी येऊन अडकल्या. एरवी मागे कुणी खोळंबलं की बेरेंटला घाम फुटायचा, बाजूला घेऊन तो हात जोडल्यासारखा चेहरा करायचा. आज ढिम्म. मागच्यानं दिवे मारले, तर यानं काच खाली करून वास घेतला आणि म्हणाला, "ओला आहे अजून."

"बेरेंट, तू मुद्दाम उशीर करतोयस."

"छे."

"चारला या असं सांगितलंय ना तुला?"

"कुणी?"

हेर्मिननं जीभ चावली. नवऱ्याला सोडायला ती तयार होती. पण कमान माहीत आहे असं उघड बोलायला जीभ रेटेना. चौसष्ट वर्षांचं वळण होतं ते. "कुणी नाही," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर तिच्या ओळखीचं एकेक झाड येत होतं आणि जात होतं. तिला स्वतःचाच राग आला.

घर चार किलोमीटरवर राहिलं तेव्हा त्यानं गाडी एका शेताच्या कडेला घेतली, मागची फळी उघडली आणि घडीच्या दोन खुर्च्या बाहेर काढल्या. टेबलही काढलं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली तो रोज ठेवायचा तसा लाकडाचा तुकडा ठेवला. मग कॉफी ओतली. क्रोएशियाचा किनारा परवडला असता, तिथे निदान पाठ करायला समुद्र होता.

शेजारच्या वस्तीवरचा एक शेतकरी सायकलवरून आला, थांबला. "काय, निघालात का सुट्टीला?"

"नाही, आलो," बेरेंट म्हणाला.

शेतकऱ्यानं खुर्च्या बघितल्या, टेबल बघितलं, चार किलोमीटरवरच्या झाडांच्या रांगेकडे बघितलं. "हवा चांगली आहे म्हणा," असं म्हणून तो गेला.

हेर्मिनच्या डोक्यावरून पाणी गेलं. "बेरेंट. चार दिवसांपूर्वी मी तुला काहीतरी सांगितलं."

"ऐकलं मी."

"मग?"

तो शेताकडे बघत राहिला. कपातली उरलेली कॉफी त्यानं गवतात ओतली. "चारला पोचायचंय," तो म्हणाला.

"म्हणजे खरंच चारला! मला वाटलंच!" आता वळणबिळण सगळं गेलं उडत. "साठ माणसं असतील तिथे. बँड असेल. मी काय करू त्या कमानीखाली? तुझ्या दंडात हात घालून फोटो काढू? 'अगं बाई' म्हणू? तुझ्यानं एक फोन नाही झाला रे? एक फोन! 'बाबांनो, राहू दे' एवढं नाही म्हणता आलं?"

बेरेंटचे कान लाल झाले. त्यानं आधी टेबलाखालचा लाकडाचा तुकडा काढला, मग टेबल मिटलं, मग खुर्च्या. हेर्मिन उभीच असल्यामुळे तिची खुर्ची घ्यायला त्याला विचारावं लागलं नाही.

उरलेल्या चार किलोमीटरांत तिनं ठरवून टाकलं. कमानीखाली उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचं. तिनं मनात वाक्यंही जुळवली. मंडळी, गुलाब सुंदर आहेत. मी शनिवारी, एक तारखेला, चालले. बिअर घ्या. बोलायचंच. ज्या माणसाला आपल्या जाण्याबद्दल एक शब्द काढता येत नाही, त्यानं साठ जणांसमोर ते ऐकावं. ऐकू दे. काढू दे शब्द मग.

ओकच्या झाडांमधून गाडी वळली आणि घर दिसलं. हेर्मिननं कमरेचा पट्टा आधीच सोडला होता.

दार उघडं-बोडकं होतं.

फांदी नाही, गुलाब नाही, झेंडा नाही. बँड नाही. जुनं हिरवं दार, खालच्या बाजूला रंगाचे पोपडे उडालेले, जसं सोडून गेलो तसंच. अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली रेइंटचा गुरं वाहायचा ट्रेलर उभा होता, धुऊन लख्ख केलेला. त्याच्याजवळ केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांची चळत. आणि वस्तीतली सहा माणसं, कामाचे कपडे घालून, हात मागे बांधून. डीनीच्या हातात कॉफीचा मोठा थर्मास. हेर्मिनला वाटलं, कुणीतरी गेलं.

ती उतरली. रेइंट पुढे आला, हातमोजा काढून त्यानं हात मिळवला. "हेर्मिन. प्रवास बरा झाला?"

"रेइंट, हे काय?"

"बेरेंटनं फोन केला होता, परवा." रेइंटनं घसा खाकरला. "पहिल्या शेजाऱ्याला आधी सांगायचं असतं, त्यानं सांगितलं. मग आम्ही म्हटलं, सामान हलवायचं तर ट्रेलर लागणार. चारपर्यंत धुऊन होतो म्हटलं, त्याआधी येऊ नका. गायीचा वास नाही येणार, दोनदा साबण मारलाय. दुसरा मजला ना? जिना अरुंद आहे का गं?"

हेर्मिन त्याच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात डीनीनं थर्मास खाली ठेवला आणि तिला मिठी मारली, आणि मिठीतच तिला फैलावर घेतलं. "अकराशे गुलाब, हेर्मिन! अकराशे! बोटं बघ माझी, कात्रीनं घट्टे पडलेत. आणि तू तिकडे ऑस्ट्रियात बसून ठरवतेस!" मग तिनं नाक पुसलं. "जाऊ दे. कोब्सांचं चाळिसावं एप्रिलात आहे. खोक्यात भरून ठेवलेत, ओल लागू नये म्हणून. त्यांना काही बोलू नकोस हं. त्यांना माहीत नाही."

कोब्स शेजारी तिथेच उभे होते, बायकोसकट. दोघांनी अक्रोडाच्या झाडाकडे बघितलं.

बेरेंट गाडीच्या मागे होता. उरलेल्या बटाट्यांचं पोतं तो उतरवत होता. हेर्मिन त्याच्यापाशी गेली.

"तू सांगितलंस?"

"हो."

"मला चार दिवसांत एक शब्द नाही, आणि रेइंटला सगळी कहाणी?"

"रेइंटला सांगावं लागतं."

"आणि मला नाही लागत?"

बेरेंटनं पोतं खाली ठेवलं. हात विजारीला पुसले. अंगणातले सहाही जण एकाएकी अक्रोडाचे फार मोठे जाणकार झाले होते, सगळे माना वर करून फांद्या तपासत होते.

"थांब म्हटलं असतं तर तू थांबली असतीस," बेरेंट म्हणाला.

तिनं पोत्याचं सुटलेलं तोंड मुठीत धरलं.

"माझ्या आईनं हाक मारली, तू आलीस. बापाला सात वर्षं अंथरुणातून उचललंस. वस्तीत कुणाचं काही असलं की, तू आधी तिथे. चाळीस वर्षं बघतोय मी. हाक आली की तू जातेस, तुला काय हवंय ते बाजूला ठेवून. मीही मारली असती एक हाक, तर राहिली असतीस. राहिली असतीस आणि खिडकीत बसून झुटफेनकडे तोंड केलं असतंस." त्यानं श्वास घेतला, एवढं बोलायची सवय नसल्यानं त्याला धाप लागली होती. "मला ते तसलं नको होतं. म्हणून म्हटलं नाही. म्हणायचं होतं. रोज म्हणायचं होतं."

हेच चार दिवस आधी, छपराखाली, बंद दाराआड बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. शेजाऱ्यांच्या अंगणसभेपुढे, बटाट्याच्या पोत्याजवळ उभं राहूनच त्याला वाचा फुटायची होती. हेर्मिनला त्याला चांगलं झापावंसं वाटलं. झापायला तोंड उघडलं आणि तिला रडू आलं, साधं, नाक गळणारं रडू. या माणसानं आपल्याला इतकं पाहिलं होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता, याचं तिला फार वाईट वाटलं. त्यानं खिशातून रुमाल काढून दिला. त्याला हवा भरायच्या नळीचा वास होता.

रेइंटनं पुरेसा वेळ जाऊ दिला. मग तो खाकरला. "वरचं कपाट आधी घ्यायचं का? तुझ्या आईचं? ते एकदा खाली आलं की, बाकीचं किरकोळ."

कपाट अस्सल ओकचं होतं. त्याला चार माणसं लागत. एका शेजाऱ्याची पाठ धरलेली, म्हणजे उरले तीन पुरुष. चौथा कोण, हे कुणी विचारलं नाही. सगळे हेर्मिनकडे बघत होते, न बघितल्यासारखं करून. ती 'राहू दे' म्हणाली असती तर रेइंटनं एका शब्दानं विचारलं नसतं, खोकी मुकाट्यानं परत ट्रेलरात भरली असती, हे तिला माहीत होतं. तिनं नाक पुसलं. तिनं घराकडे बघितलं, मग झुटफेनच्या त्या दोन खोल्या आठवल्या, नदी, खिडकी, आणि कुणाचीही हाक न येणारी सकाळ.

"आधी आतल्या चादरी काढाव्या लागतील," ती म्हणाली.

बेरेंटनं मान हलवली. दारात बूट काढून तो वर गेला.

अर्ध्या तासानं कपाट जिन्यात आलं. खालचा कोपरा, सगळा भार जिथे येतो तो, बेरेंटनं घेतला होता आणि तो एकेक पायरी मागे मागे उतरत होता. "सावकाश. डावीकडे भिंत. थांब रेइंट. हां, आता." हेर्मिन दार धरून उभी होती. कपाट तिच्यासमोरून जाऊ लागलं. त्याच्या आडून बेरेंटची बोटं तेवढी दिसत होती, पांढरी पडलेली.

"बेरेंट," ती कपाटाला म्हणाली, "रविवारी ये. कॉफीला."

कपाट थांबलं. वरचे तिघं धापा टाकत थांबले.

"किती वाजता?"

"दहाला. पण बोलायचं असेल तरच ये."

कपाटाच्या कडेवरची बोटं जरा सरकून परत घट्ट बसली. रेइंटनं वरचा भार खांद्यावर घेतला. पण तो पहिला शेजारी, त्यानं घाई केली नाही.

"मग नऊलाच येतो," बेरेंट म्हणाला.